ऑल-इन-वन घ्यायचा की मॉनिटर वेगळा? आधी दोघांचं आयुष्य मोजा

फोनबद्दल आपण नेहमीच बोलतो, आज जरा मोठ्या स्क्रीनकडे वळूया. कारण तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. घरी पहिल्यांदाच कॉम्प्युटर घ्यायचाय, बजेट ६० हजारांच्या आसपास आहे. दुकानदार म्हणतो, ऑल-इन-वन घ्या, एकदम सुटसुटीत. मित्र म्हणतो, मॉनिटर वेगळा आणि सीपीयू वेगळा घे. आता ऐकायचं कोणाचं?

प्रश्न छोटा वाटतो, पण छोटा नाहीये. बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच येतो. त्यावर ताईचं टॅली, भावाचा एमपीएससीचा अभ्यास, आईच्या बचत गटाचा हिशोब, सगळं चालणार असतं. आणि एकदा पैसे घातले की पाच-सात वर्षं पुन्हा एवढी रक्कम बाजूला पडत नाही. म्हणून आज नीट, सावकाश बघू.

आधी शब्द स्पष्ट करू

ऑल-इन-वन म्हणजे काय, तर मॉनिटरच्या पोटातच अख्खा कॉम्प्युटर बसवलेला असतो. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, स्पीकर, कॅमेरा, सगळं स्क्रीनच्या मागे. वीज घ्यायला एकच वायर. दुसरा प्रकार म्हणजे आपला नेहमीचा: टेबलावर मॉनिटर आणि बाजूला तो डबा, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या सीपीयू म्हणजे फक्त आतली प्रोसेसरची चिप, पण दुकानात सीपीयू म्हटलं की डबाच समोर येतो, म्हणून मीही तेच म्हणते.

एक गैरसमज आत्ताच काढून टाका. ऑल-इन-वन लॅपटॉपसारखा दिसतो म्हणून त्यात बॅटरी असेल असं अनेकांना वाटतं. सहसा नसते. लाइट गेली की तोही डेस्कटॉपसारखाच बंद पडतो. त्यामुळे ज्यांच्याकडे लोडशेडिंग आहे, त्यांनी यूपीएसचा खर्च दोन्हीकडे धरायचा.

खरा मुद्दा: दोघांचं वय सारखं वाढत नाही

तुमच्या हातातला फोन घ्या. तोही ऑल-इन-वनच आहे ना? चार वर्षांनी फोन अडकायला लागतो, अपडेट थांबतात, आपण नवीन घेतो. पण त्या जुन्या फोनची स्क्रीन? ती बहुतेक वेळा ठणठणीत असते. तरी ती फोनबरोबर ड्रॉवरमध्ये जाते, कारण ती वेगळी काढून वापरता येत नाही.

ऑल-इन-वनचं अगदी हेच आहे. कॉम्प्युटर लवकर म्हातारा होतो, स्क्रीन हळू होते. सॉफ्टवेअर दरवर्षी जड होत जातं, रॅम कमी पडायला लागते. मॉनिटरला मात्र एकच काम असतं, येणारं चित्र दाखवणं. दहा वर्षांपूर्वीचा एचडीएमआयचा मॉनिटर आजच्या नव्या कॉम्प्युटरला लावा, चालतो. या दोन वेगळ्या वयाच्या वस्तू एकत्र चिकटवल्या की आधी म्हातारी होणारी वस्तू दुसरीलाही घेऊन जाते.

याचं ताजं उदाहरण म्हणजे विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आता समजा, कोणी २०१६ मध्ये सहाव्या पिढीचा ऑल-इन-वन घेतला असेल. स्क्रीन छान, रंग छान, पण विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. वाढीव मुदतीचे अपडेट घेऊन थोडं ढकलता येतं, लिनक्स टाकून आणखी काही वर्षं काढता येतात. पण नवीन विंडोजच हवं असेल, तर चांगल्या स्क्रीनसकट सगळं बदलावं लागतं. ज्याने त्याच वर्षी मॉनिटर वेगळा घेतला होता, तो फक्त डबा बदलतो.

हिशोब करून बघू. आकडे फक्त उदाहरणापुरते. पहिल्याने ६० हजारांचा ऑल-इन-वन घेतला. दुसऱ्याने ४७ हजारांचा सीपीयू आणि १३ हजारांचा मॉनिटर घेतला. आज दोघांचा खर्च सारखा. सहा वर्षांनी पहिला पुन्हा ६० हजार काढणार, दुसरा ४७ हजार. शिवाय मधल्या काळात रॅम कमी पडली, तर दुसरा नुसती रॅम वाढवून गाडी पुढे नेऊ शकतो.

अ‍ॅपलची गोष्ट

ऑल-इन-वनची सगळ्यात भारी बाजू आणि सगळ्यात दुखरी बाजू, दोन्ही एकाच मशीनमध्ये बघायच्या असतील तर २०१४ चा आयमॅक बघा.

२००९ ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्या २७ इंची आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड नावाची सोय होती. केबल लावली की आयमॅक दुसऱ्या मॅकचा मॉनिटर व्हायचा. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये ५के स्क्रीनचा आयमॅक आला, किंमत २,४९९ डॉलर. गंमत म्हणजे डेलने त्याच सुमाराला स्वतःचा ५के मॉनिटर जाहीर केला होता आणि त्याचीही जाहीर किंमत २,४९९ डॉलरच होती. म्हणजे स्क्रीनच्या पैशात अ‍ॅपल अख्खा कॉम्प्युटर देत होतं! त्या वेळी हिशोबाने ऑल-इन-वन सरळ सरळ जिंकला होता.

पण त्या ५के आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड नव्हता. तेव्हाच्या एका केबलमधून एवढं चित्र जातच नव्हतं. डेलच्या मॉनिटरलाही पूर्ण ५के साठी दोन केबल लागायच्या. पुढे काय झालं? २०१४ चा तो आयमॅक अधिकृतपणे मॅकओएस बिग सरपर्यंतच पोचला. आत कॉम्प्युटर जुना झाला, बाहेर स्क्रीन अजूनही सुंदर, आणि ती सरळ वापरता येत नाही. काही हौशी लोक आयमॅक उघडून आतले भाग काढतात, वेगळा कंट्रोलर बोर्ड बसवतात आणि त्याचा मॉनिटर करतात. हे सगळ्यांना जमणारं काम नाही, पण स्क्रीन फेकवत नाही म्हणून लोक एवढा खटाटोप करतात, हे लक्षात घ्या.

मार्च २०२२ मध्ये अ‍ॅपलनेच २७ इंची आयमॅक बंद केला आणि त्याच वेळी स्टुडिओ डिस्प्ले हा वेगळा ५के मॉनिटर आणला. आपल्याकडे तो १,५९,९०० रुपयांपासून सुरू झाला. म्हणजे मोठ्या स्क्रीनवाल्यांसाठी अ‍ॅपलनेही दोन्ही वस्तू वेगळ्या केल्या.

आजही अ‍ॅपलमध्ये हीच निवड करायची असेल तर आकडे बघा. २०२४ च्या शेवटी एम४ चा आयमॅक १,३४,९०० रुपयांपासून आला आणि एम४ चा मॅक मिनी ५९,९०० पासून. मिनीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये प्रोसेसरचे १० कोअर, आयमॅकच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ८. मधल्या ७५ हजारांत चांगला २७ इंची ४के मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, वेबकॅम घेऊनही पैसे उरतात. आयमॅकची २४ इंची ४.५के स्क्रीन त्यापेक्षा बारीक आणि रेखीव आहे, हेही खरं. पण तिचं आयुष्य आतल्या चिपला बांधलेलं आहे.

बिघडल्यावर काय?

याचा विचार दुकानात कोणी करत नाही. वेगळ्या मॉनिटरच्या जोडीत मॉनिटर गेला, तर शेजाऱ्याचा आणून लावा किंवा एचडीएमआयने टीव्हीला जोडा, काम सुरू. सीपीयू गेला, तर तेवढाच डबा उचलून न्यायचा. सुटे भागही सहज मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारली की पॉवर सप्लायपासून पंख्यापर्यंत सगळं हाताशी येतं.

ऑल-इन-वनमध्ये काहीही बिघडलं तरी अख्खं मशीन सर्व्हिस सेंटरला जातं. त्याचा मदरबोर्ड त्या मॉडेलपुरताच बनवलेला असतो, दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. आणि तालुक्याच्या गावी राहत असाल, तर आधी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे बघा. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आठवड्यात मशीन बाहेर असेल तर काय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आणखी एक. जाडी कमी ठेवायची म्हणून बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचे प्रोसेसर असतात. वीज कमी खातात, आवाज कमी करतात, हा फायदाच आहे. पण बॉक्सवर नुसतं आय५ लिहिलेलं पाहून डेस्कटॉपच्या आय५ ची ताकद समजू नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारा.

मग ऑल-इन-वन घ्यायचाच नाही का?

असं मी अजिबात म्हणत नाहीये. दवाखान्याचा रिसेप्शन, छोटं दुकान, दहा बाय दहाची खोली, जिथे टेबलावर कप ठेवायलाही जागा नाही, तिथे तो शोभतो. आजी-आजोबांना फक्त व्हिडिओ कॉल आणि पेपर वाचायचाय, वायरी कुठे लावायच्या याची कटकट नकोय, तिथेही ठीक. कामं हलकी असतील आणि पुढेही हलकीच राहणार असतील, तर सुटसुटीतपणासाठी पैसे मोजण्यात चूक काहीच नाही.

ज्यांचं काम वाढणार आहे, त्यांनी मात्र थांबून विचार करावा. आज टॅली, उद्या व्हिडिओ एडिटिंग, परवा कोडिंग. विद्यार्थी म्हणजे हाच वर्ग.

दोन्हीचं सुख देणारा मधला रस्ता

मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूची भोकं असतात, बहुतेक वेळा १०० बाय १०० मिलिमीटरवर. याला व्हेसा माउंट म्हणतात. पुस्तकाएवढा मिनी पीसी घ्यायचा आणि ब्रॅकेट लावून तिथे अडकवायचा. समोरून बघितलं तर ऑल-इन-वन, आणि बदलायची वेळ आली की चार स्क्रू काढले, झालं. लेनोव्होने तर टायनी-इन-वन नावाचा मॉनिटरच काढलाय, ज्याच्या मागे त्यांचा छोटा पीसी सरकवून बसवता येतो. बजेट कमी असेल, तर ऑफिसमधून निघालेले, दुरुस्त करून विकलेले छोटे पीसीही मिळतात. फक्त प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतला आहे ना, ते बघा आणि वॉरंटी लेखी घ्या.

तुम्हा फोनवाल्यांसाठी बोनस: वेगळा मॉनिटर फोनलाही जोडता येतो. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या फोनमध्ये डेक्स आहे, आयफोन १५ पासून यूएसबी-सी मधून चित्र बाहेर जातं. स्वस्तातल्या अनेक फोनच्या यूएसबी-सी मधून मात्र व्हिडिओ जात नाही, ते आधी तपासा.

स्क्रीन निवडताना मराठी उघडून बघा

फोनवर एका इंचात ४०० च्या आसपास ठिपके असतात, त्यामुळे अक्षर कोरल्यासारखं दिसतं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ ठिपके असतात. तोच फुल एचडी २७ इंचावर ताणला की ८२. बऱ्याच २७ इंची ऑल-इन-वनमध्ये पॅनेल फुल एचडीच असतं. मॉनिटर डोळ्यांपासून लांब असतो, म्हणून ४०० ची गरज नाही. पण देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं असतात. ठिपके कमी पडले की 'द्ध' आणि 'द्व' मधला फरक शोधावा लागतो. २७ इंच हवा असेल तर क्यूएचडी घ्या, तिथे १०९ ठिपके मिळतात. आणि दुकानात इंग्रजी व्हिडिओ बघून भुलू नका, मराठी पेपरची वेबसाइट उघडून वाचा.

दुकानात विचारायचे प्रश्न

ऑल-इन-वन घेत असाल तर हे पाच प्रश्न फोनमध्ये लिहून न्या:

१. रॅम आणि स्टोरेज पुढे वाढवता येतं का, की बोर्डवर चिकटलेलं आहे?
२. एचडीएमआयचा इनपुट आहे का? नुसता आउटपुट असेल तर तुम्ही दुसरी स्क्रीन जोडू शकता, पण ही स्क्रीन दुसऱ्या कॉम्प्युटरला वापरू शकत नाही. इनपुट असेल तर आतला कॉम्प्युटर गेल्यावरही ती मॉनिटर म्हणून उपयोगी पडू शकते.
३. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय?
४. वॉरंटीत माणूस घरी येतो, की मशीन आपण न्यायचं?
५. पॅनेल फुटलं तर बदलायला किती खर्च?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं आणि तुमची जागा खरंच कमी असेल, तर ऑल-इन-वन आनंदाने घ्या. 'नाही' आलं, तर स्क्रीनचेही पैसे तुम्ही कॉम्प्युटरच्या आयुष्याइतक्याच वर्षांसाठी मोजताय, हे ध्यानात ठेवून ठरवा.

तुमच्याकडे जुना ऑल-इन-वन पडून असेल, तर आत्ता उठा आणि त्याच्या मागे एचडीएमआयच्या खाचेजवळ 'इन' लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर एक मॉनिटर तुम्हाला फुकटात मिळालाय. काय सापडलं ते मला मेसेज करून कळवा. पुढच्या भागात यूपीएसबद्दल बोलू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!