कांद्यावरची काळी बुरशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

2021मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा कांद्याच्या सालीवरची काळी पूड म्हणजे तीच बुरशी, असे संदेश मोबाइलवर फिरले. रंगावरून बुरशी ओळखायला गेलं की अशी गफलत होते. बुरशीची ओळख तिच्या रचनेत असते.

गैरसमज: चाळीतल्या कांद्यावर म्युकरमायकोसिसची बुरशी वाढते.

वस्तुस्थिती: कांद्यावरची काळी पूड बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजरची असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तंतूंत आडवे पडदे दिसतात. उभ्या देठाच्या टोकाला फुगीर गोळा, त्यावर सुरईच्या आकाराच्या पेशी आणि त्यांतून साखळीने निघणारे उघडे बीजाणू. पूड काळी दिसते ती या बीजाणूंमुळे. म्युकर गटातल्या बुरशींच्या तंतूंत पडदे क्वचितच असतात आणि बीजाणू पिशवीत बंद असतात. वर्गीकरणातही दोन्ही वेगवेगळ्या विभागांत येतात. म्युकरमायकोसिसमधला काळेपणा तर रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा असतो.

गैरसमज: अ‍ॅस्परजिलस म्हणजे एकच बुरशी, आणि ती घातकच.

वस्तुस्थिती: ही प्रजाती आहे, तिच्यात 400हून अधिक जाती आहेत. फ्युमिगेटस दुबळ्या फुप्फुसांना ग्रासते. नायजरकडून सायट्रिक आम्ल मिळवता येतं, हे जेम्स करी यांनी 1917मध्ये दाखवलं. आजही ते प्रामुख्याने तिच्याकडूनच मिळतं. शेंगदाण्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी फ्लेव्हस आणि जपानी सोया सॉससाठी वापरली जाणारी ओरायझी दिसायला इतक्या सारख्या, की खात्रीसाठी जनुकं तपासावी लागतात.

गैरसमज: शास्त्रीय नाव कधीच बदलत नाही.

वस्तुस्थिती: एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना पूर्वी वेगळी नावं असत. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या 2011च्या मेलबर्न परिषदेत ‘एक बुरशी, एक नाव’ हा नियम ठरला. युरोशियम, एमेरिसेला यांसारख्या प्रजाती त्यानंतर अ‍ॅस्परजिलसमध्ये सामावल्या.

गैरसमज: बुरशी पुसली किंवा दाणे भाजले की धोका संपला.

वस्तुस्थिती: कांदा आतून टणक असेल, तर काळे पापुद्रे काढून, धुऊन वापरता येतो, मऊ पडलेला टाकून द्यावा. अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र असे कांदे हाताळू नयेत. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांना हा उपाय नाही, कारण भाजल्याने अफ्लाटॉक्सिन पूर्ण नष्ट होत नाही. ते दाणे सरळ फेकावेत. गुराढोरांनाही घालू नयेत.