श्रवणयंत्र, फोन आणि पुरेशी अट

केंदूरच्या मंडळींनो, आज एक घरगुती कोडं घेऊ. मुलाच्या आयफोनला जोडलं जाणारं श्रवणयंत्र आजोबांच्या अँड्रॉइडला का जोडलं जात नाही? ब्लूटूथ तर दोन्हींत आहे ना!

तर्कशास्त्रात आपण आवश्यक अट आणि पुरेशी अट वेगळी मानतो. इथे ब्लूटूथ आवश्यक आहे, पुरेसं नाही. त्यावरून आवाज पाठवण्याची पद्धतही जुळावी लागते. अ‍ॅपलने २०१३ मध्ये श्रवणयंत्रांसाठी स्वतःची पद्धत आणली. गूगलने २०१८ मध्ये ‘आशा’ जाहीर केली. काही यंत्रांना यांतली एकच येते. २०२२ मध्ये ‘एलई ऑडिओ’ ही सर्वांसाठीची पद्धत पूर्ण झाली, पण तीही यंत्र आणि फोन दोन्हींत हवी.

म्हणून आजोबांचा फोन दुकानात न्यावा आणि पैसे देण्याआधी जोडून, एक कॉल लावून बघावा.