बलबीर पाशा ते नंदू

जाहिरातकार पीयूष पांडे 24 ऑक्टोबर 2025 ला गेले आणि पुढचे दोन दिवस फोनवर फेविकॉलची खचाखच बस आणि कॅडबरीची मैदानात नाचत घुसणारी मुलगी फिरत राहिली. त्यात गैर काही नाही, जाहिराती होत्याच तशा. पण त्यांचीच पोलिओची जाहिरात मला एकानेही पाठवली नाही, याचा राग आला.

त्याआधीचा काळ भराभर उरकतो. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, 'हम दो हमारे दो', थिएटरात फिल्म्स डिव्हिजनची रिळं. ती सुरू झाली की लोक समोसे आणायला उठत. 1988 च्या स्वातंत्र्यदिनी 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं, शब्द पांडेंचेच. भीमसेनजींचा आवाज लागला की आजही कान टवकारतात. पण ऐकून झाल्यावर माणसाने करायचं काय, हे त्यातही नव्हतं.

ते सांगायला सुरुवात झाली 2002 च्या अखेरीस. मुंबईच्या स्टेशनांवर, बसगाड्यांवर, होर्डिंगांवर एकच प्रश्न झळकू लागला: बलबीर पाशाला एड्स होणार का? हा पाशा कोण, कुठला, यावर लोकलच्या डब्यात खल चाले. हळूहळू उलगडा झाला. गडी एरवी कंडोम वापरतो, दारू प्यायला की विसरतो. शिवाय तो एकट्या मंजुळाकडे जातो, म्हणून बिनघोर आहे. पण मंजुळाकडे येणारा तो एकटा नाही. ज्यांच्यासाठी हे लिहिलं होतं, ते हमाल, ड्रायव्हर, गोदीतले कामगार बरोबर वाचत होते. नाकं मुरडली ती आमच्यासारख्यांनी, मुलांना काय उत्तर द्यायचं म्हणून! सगळं पाप मंजुळेच्या पदरात टाकलं, हा महिला संघटनांचा आक्षेप मात्र खरा होता. तो आजही खोडता येत नाही.

मग पोलिओ. अमिताभने आधी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, फारसं कोणी हललं नाही. पांडेंनी त्याला चिडायला लावलं. आया बूथवर येऊन 'अमिताभजी रागावलेत' म्हणायच्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. सगळं श्रेय जाहिरातीचं नव्हे, हे मान्य. डाव्या करंगळीच्या नखावर मार्करने खूण करणारी, दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स' लिहून सुटलेल्या घरी पुन्हा जाणारी बाई कुठल्याच जाहिरातीत दिसली नाही. पण रविवारी मूल कडेवर घेऊन निघायचं, हे त्या आवाजाने घरोघर पोचवलं. 2009 मध्ये देशात 741 रुग्ण होते. 13 जानेवारी 2011 चा हावड्याचा रुग्ण शेवटचा ठरला.

माझ्या मते त्या दशकातली सर्वांत चोख जाहिरात 2008 ची, 'बेल बजाओ'. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. माणूस अस्वस्थ होतो, उठतो, बेल वाजवतो. एक फोन करायचा होता, म्हणतो. तेवढ्यात त्याच्याच हातातला मोबाइल वाजतो. दारातला नवरा समजून चुकतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. कलमं कुणाला पाठ नव्हती. बेल वाजवणं मात्र कुणालाही जमण्यासारखं होतं.

त्याच सुमारास माल विकणाऱ्यांनाही सामाजिक कार्याची चटक लागली. चहावाल्यांनी 'जागो रे' म्हणत मतदार नोंदणी हाती घेतली, ती निदान कामाची तरी होती. आयडिया या मोबाइल कंपनीने जातीचा प्रश्न सोडवला, तो माणसांना नावाऐवजी मोबाइल नंबरने हाक मारून! आम्ही 'व्हॉट ॲन आयडिया, सरजी' म्हणत माना डोलावल्या. पुढे कामाचं सांगणं मागे पडलं आणि डोळ्यांत पाणी आणणारे तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सुरू झाले.

पाणी आटलं कसं, तेही पाहिलं. 2019 ला सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर लोक इतके तापले, की काहींनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपलाच एक-एक तारा दिला. सर्फची कंपनी निदान शेपूट न घालता उभी राहिली. 2020 मध्ये तनिष्कने सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली. 2021 मध्ये डाबरने दोन बायकांचा करवा चौथ दाखवला आणि मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी डोळे वटारताच गुंडाळला. समतेचा धडा द्यायला माध्यम काय निवडलं होतं, तर चेहरा उजळवणारं ब्लीच!

चेहऱ्यांची गोष्ट आणखी वाईट. थिएटरातल्या जाहिरातीत सायकलवरून येऊन अक्षय कुमार नंदू नावाच्या माणसाला समजवायचा, सिगारेटच्या पैशांत बायकोला सॅनिटरी पॅड आण. तोच अक्षय 2022 च्या एप्रिलमध्ये विमल इलायचीच्या जाहिरातीत उतरला. ओरड झाल्यावर माफी मागितली, मानधन चांगल्या कामाला देईन म्हणाला. त्याआधीच्या ऑक्टोबरात अमिताभ कमला पसंद या पानमसाल्याच्या जाहिरातीतून बाहेर पडला. ही छुपी जाहिरात आहे हे ठाऊक नव्हतं, असा खुलासा झाला. त्याच्या रागाला घाबरून बूथवर गेलेल्या आयांनी यावर विश्वास ठेवायचा?

आणि 2024. 1 फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पात सांगितलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीसाठी 9 ते 14 वर्षांच्या मुलींना प्रोत्साहन देऊ. दुसऱ्याच दिवशी अभिनेत्री पूनम पांडे त्याच आजाराने 'वारली' आणि तिसऱ्या दिवशी जागृतीसाठी केलं म्हणत व्हिडिओत हजर झाली. आठवडाभर वाहिन्यांवर चर्चा ती निर्लज्ज की धाडसी याची. लस कुठे मिळते, कितीला पडते आणि नऊ वर्षांच्या मुलीला नेमकं न्यायचं कुठे, हे सांगायला त्या गदारोळात एकही नट चिडला नाही.