न दिसणारी खिडकी रचताना
१९९१ साली अवतरलेल्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग साधनाने माऊसने बटणे ओढून खिडकी सजविण्याची जी सोय डोळसांस बहाल केली, तीच अंध प्रोग्रामरांच्या मार्गातील अडचण ठरली. कारण पडद्यावरील मजकूर उच्चारणारा स्क्रीन रीडर बटणाचे नाव वाचून दाखवी, परंतु ते शेजारच्या चौकटीवर चढले आहे काय, याची वर्दी देत नसे. मग डावीकडून व वरून किती, हे अंतर ट्विपांत, म्हणजे इंचाच्या १४४० व्या भागांत, मनाशी मोजून गुणधर्मांच्या तक्त्यात भरणे एवढाच इलाज उरे. ही चिकाटी मला विलक्षण आदरणीय वाटते. पायथन भाषेत खिडक्या रचण्याच्या डब्ल्यूएक्सपायथन या साधनातील सायझरांत, म्हणजे मांडणी सांभाळणाऱ्या घटकांत, मात्र बटणे वगैरे घटकांचा क्रम तेवढा शब्दांत लिहावा, जागेचा हिशेब यंत्र करते. २००६ साली मायकेल करन या अंध प्रोग्रामरने आरंभिलेल्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या खिडक्या याच रीतीने रचलेल्या आहेत.