शेतसाऱ्यावरचा उपकर आणि खेड्यातली शाळा

कमी पटाच्या शाळांचे काय करावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली काही वर्षे वारंवार निघतो आहे. 2023 साली त्याची दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली. वीसहून कमी विद्यार्थ्यांच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढाव्यात, हे एक; आणि उद्योगपतींनी व देणगीदारांनी सरकारी शाळा दत्तक घ्याव्यात, हे दुसरे. दोहोंच्या मुळाशी एकच हिशेब आहे. शिक्षकाचा पगार इतका, मुले इतकी, तेव्हा दर मुलामागे येणारा खर्च परवडत नाही. हिशेब बिनचूक असेलही; पण त्यात फक्त खर्चाची बाजू मांडलेली असते. खेड्यातल्या शाळेसाठी जमा कोठून होत आली, हे पाहायचे तर वऱ्हाडच्या जुन्या महसुली व्यवस्थेकडे वळावे लागते.

डोणगाव हे मेहकर तालुक्यातील मोठे गाव. मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटावर वसलेले. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, त्यानंतर या भागाची नावे व हद्दी अनेकदा बदलल्या. 1864 मध्ये जो जिल्हा येथे आखला गेला त्याला काही काळ मेहकरचेच नाव होते. 1867 मध्ये मुख्य ठाणे म्हणून बुलढाणा निवडले गेले आणि जिल्ह्यालाही ते नाव मिळाले. खामगाव व जळगाव हे तालुके या जिल्ह्यात आले ते 1905 मध्ये. घाटाखालची काळी जमीन, कापूस व रेल्वे एकीकडे आणि घाटावरचे चिखली-मेहकर दुसरीकडे, असे दोन स्वभाव एकाच जिल्ह्यात नांदत आले आहेत.

वऱ्हाडचा वसूल मुळात शाळा काढण्यासाठी नव्हताच. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागावा म्हणून हा मुलूख ताब्यात घेतलेला होता. फौज आणि राज्यकारभार यांचा खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाकडे जावयाची, असे 1860 च्या करारान्वये ठरले. मात्र खर्च किती करावयाचा हे इंग्रजांच्या मर्जीवर. निजामाचे दिवाण सालारजंग यांचा वऱ्हाडसाठीचा झगडा याच काळातला, आणि कारभारावर भरमसाट खर्च होतो ही हैदराबादची जुनी तक्रार होती. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायम खंडावर हा वाद मिटला. या तिघांच्या ओढाताणीत फौजेचा हक्क पहिला, हैदराबादच्या शिल्लकेचा तगादा कायमचा आणि शाळेची बाजू मांडणारा कोणीच नाही, अशी स्थिती होती. साहजिकच शाळेसाठी शेतकऱ्यावर वेगळी पट्टी बसली.

ही पट्टी म्हणजे जमीनमहसुलावरचा उपकर. शेजारच्या मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात तो सुरू झाला व 1869 च्या कायद्याने पक्का झाला. महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. वऱ्हाडात जमिनीची मोजणी व प्रतबंदी मुंबईच्याच धर्तीवर झालेली होती आणि स्थानिक कामांसाठी साऱ्यावर पट्टी घेण्याची रीतही येथे रुजली. पाटील-पटवाऱ्यांनी साऱ्याबरोबरच ती वसूल करावयाची. सारा भरताना शेतकऱ्याला ती वेगळी जाणवतही नसे, आणि कदाचित म्हणूनच शाळा आपल्या पैशाची आहे ही भावनाही गावात कधी रुजली नाही.

वसुलीला सोपा असलेल्या या करात दोन मोठे दोष होते. पहिला दोष असा की जमिनीचा आकार तीस वर्षांसाठी बांधलेला असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव कडाडले. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. बाजार वाढले, सरक्या काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, लागवड पसरली. शाळा मागणारी गावेही वाढणार हे उघड होते. परंतु शाळेचा निधी बांधलेल्या आकारावर टांगलेला असल्याने कापसाच्या पैशाबरोबर तो वाढण्याची सोय नव्हती. कारखानदार, अडते आणि सावकार यांच्या नफ्याला हा उपकर शिवतही नव्हता. भार पडे तो नांगर धरणाऱ्यावर.

दुसरा दोष अधिक बोचणारा. पैसा खेड्यातून गोळा होई आणि शिक्षणाची शिडी कसब्यात व शहरात उभी राही. सरकारी हायस्कुले निघाली ती अमरावती व अकोल्यास. घाटावरच्या कुणब्याच्या मुलाला त्या शाळेपर्यंत पोहोचणे म्हणजे परमुलुखी जाणे. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यातला मुख्य आक्षेप नेमका हा होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षकाला महिन्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असेही त्यांनी सुचविले होते. ते पुण्याकडचा अनुभव सांगत होते. तथापि वऱ्हाडचे वर्णन यापेक्षा फारसे वेगळे झाले नसते.

हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात अशी शिफारस केली आणि 1885 च्या कायद्याने वऱ्हाडात जिल्हा व तालुका मंडळे आली. कागदावर हे स्वराज्याचे पहिले पाऊल. प्रत्यक्षात मंडळांवर सरकारी अधिकाऱ्यांचे वर्चस्व, अभ्यासक्रम व परीक्षा शिक्षण खात्याच्या हाती, आणि उपकराचा दर ठरविण्याची मोकळीक मंडळाला नाही. खर्च मंडळाने करावयाचा आणि शेरा इन्स्पेक्टरने मारावयाचा. मधल्यामध्ये सापडे तो शाळामास्तर. देवळाच्या ओसरीत किंवा चावडीत शाळा भरवावयाची, पट टिकवावयाचा, आणि अनेक गावी चार रुपये अधिक मिळतात म्हणून टपालाचेही काम पाहावयाचे. आज निवडणूक आणि जनगणना यांच्या याद्यांत मान घालून बसलेल्या गुरुजींना हे पूर्वज अनोळखी वाटणार नाहीत.

या व्यवस्थेचे खरे दुबळेपण 1899-1900 च्या दुष्काळात दिसले. उपकर साऱ्यावर, सारा पिकावर. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? वऱ्हाडची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 29 लाख होती, ती 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. शाळा सुरू करून पस्तीस-चाळीस वर्षे झाल्यावरही त्या वर्षी शंभरातल्या दहा पुरुषांनाही लिहिता-वाचता येत नव्हते, आणि स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते.

उपाय सुचलेच नाहीत असे नव्हे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यात खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने उचलावेत, अशी योजना होती. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. पुढे 1937 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना आणली. गावकऱ्यांनी जमीन दान करावी, तिच्या उत्पन्नातून त्याच गावच्या शाळेचा खर्च चालावा, अशी कल्पना. नावावरून मुस्लिम लीगने वाद उभा केला आणि 1939 मध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. पण वाद नसता तरी योजनेत एक जुनाच दोष होता. शाळा पुन्हा पावसाच्या भरवशावर जाणार होती, आणि ज्या गावात दान देण्याइतकी जमीन कोणाजवळ नाही त्या गावाने काय करावे, याला तिच्यात उत्तर नव्हते. आजच्या दत्तक योजनेलाही हाच प्रश्न विचारता येतो. रस्त्यावरच्या, नजरेत भरणाऱ्या शाळेला दाता मिळेल. आडवळणाच्या वस्तीवरच्या शाळेला कोण मिळणार?

1 मे 1962 पासून शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, त्यामुळे दुष्काळात शाळा उघडी पडत नाही. हा मोठाच फरक आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मात्र खडू, दुरुस्ती, पाणी, वीज यांसाठी शाळेच्या हाती येणारे समग्र शिक्षा योजनेचे अनुदान पटाशी बांधलेले आहे. 2021 च्या आराखड्यानुसार तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 असेल तर 25 हजार. छप्पर मात्र पट पाहून गळत नाही. थकलेल्या बिलापायी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार आल्या, यात आश्चर्य ते काय?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आणि तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांना ठेवल्या. शाळेचा विकास आराखडा करण्याचा आणि आलेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख करण्याचा अधिकार या समितीला आहे. 1885 च्या मंडळाला जे नव्हते ते कायद्याने या पालकांना मिळालेले आहे. तेव्हा डोणगाव असो वा त्याच्या शिवारापलीकडची वीस मुलांची वस्तीशाळा असो, शाळा हलविण्याचा कागद निघण्यापूर्वी तीन आकडे तिच्या भिंतीवर लागावेत: मागील पाच वर्षांत त्या शाळेच्या नावे किती रक्कम मंजूर झाली, किती हाती आली, आणि बंद झाल्यास मुलांच्या वाहतुकीसाठी दरवर्षी किती रक्कम कोणत्या शीर्षाखाली ठेवली जाणार आहे. हे आकडे समितीच्या बैठकीत वाचले जावेत आणि पालकांचे मत इतिवृत्तात नोंदवून मगच प्रस्ताव पंचायत समितीकडे जावा.