दोन तासांचें विमान, साडेनऊ तासांची वाट

“आईची प्रकृति फार बिघडली आहे, निघून ये,” असा निरोप कोरेगांवच्या एका घरांतून सकाळीं नऊ वाजतां दिल्लीस गेला. “विमान दोन तासांचें आहे, आलोंच,” असें चिरंजीवांचें उत्तर आलें. घरच्या मंडळींनीं दुपारपासून वाटेकडे डोळे लावले. चिरंजीव दारांत उतरले तेव्हां रात्रीचे आठ वाजले होते. मातुःश्रींची शुद्ध दिवेलागणीसच हरपली होती. यांत मुलाचा आळस नव्हता कीं विमानाचा दोष नव्हता. चूक होती ती हिशोबाची, आणि ती आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातून घडते.

हा हिशोब एकदां नीट मांडून पाहूं. पुणें व दिल्ली यांमधील सरळ रेषेंतील अंतर सुमारें १,१५० किलोमीटर आहे. प्रवासी विमान पूर्ण वेगांत असतां ताशीं ८०० किलोमीटर सहज जातें. त्रैराशिक केलें तर दीड तासही पुरा होत नाहीं. परंतु धांवपट्टीपर्यंत जाणें, तेथें आपली पाळी येईतों थांबणें, दहा किलोमीटर उंची गांठणें व पुन्हां सावकाश उतरणें यांत वेळ जातो. शिवाय हवेंतील वाटाही ठरलेल्या असतात. दोरी धरल्यासारखी सरळ रेषा तेथेंही मिळत नाहीं. म्हणून वेळापत्रकांत दोन तासांहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो.

आतां जमिनीवरचें पाहा. दिल्लींतील घरापासून विमानतळ एक तास. तेथें तपासणीसाठीं दोन तास आधीं हजर राहणें. पुण्यास उतरून सामान हातीं येईपर्यंत पाऊण तास. पुढें लोहगांवाहून कोरेगांव सुमारें १३० किलोमीटर. पुण्याची गर्दी, खंबाटकीचा घाट, सातारा, मग माहुलीस कृष्णा ओलांडून घर. याला साडेतीन तास धरा. एकूण बेरीज साडेनऊ तासांची होते.

मौज अशी, कीं आकाशमार्ग आपल्या गांवाला अगदींच परका नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन आपलें लहानसें विमान मुंबईस जुहू येथें उतरविलें. तेंच टपाल नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं पुढें बळ्ळारीवरून मद्रासेस नेलें. नकाशावर जुहू ते बळ्ळारी दोरा ताणला, तर तो कोरेगांवाच्या शेजारूनच जातो! त्या विमानाचा वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास होता. आजचा त्याच्या पांचपट आहे. मात्र वेग वाढला तो हवेंत. घराच्या उंबरठ्यापासून विमानाच्या पायरीपर्यंतची वाट त्यानें तसूभरही कमी झाली नाहीं.

विमान हें वरदान आहे, यांत शंका नाहीं. दिल्लीहून रेल्वेनें साताऱ्यास यावयाचें म्हणजे अखंड दिवसाहून अधिक मोडतो. तथापि परगांवीं राहणाऱ्यांनीं विमानाचा वेळ न सांगतां दारापासून दारापर्यंतचा वेळ सांगावा. आणि घरच्या वडील मंडळींनीं “पोराला उगीच कशाला त्रास” हा संकोच सोडून निरोप वेळींच धाडावा. वरील घरांत दुखणें तीन दिवसांचें होतें. निरोप मात्र तिसऱ्या दिवशीं गेला.