यकृताचा कर्करोग आणि वजनाचा काटा

वजनाच्या काट्यावर आपला फार विश्वास. रोगी दोन किलोंनी वाढला की घरची मंडळी हरखतात. यकृताच्या कर्करोगात मात्र हा काटा फसवतो. पोटात पाणी साचून वजन वाढते, आणि त्याच वेळी दंडामांड्यांचे मांस झडत असते.

रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारी नवी औषधे आली आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब ही जोडी घेणारे सुमारे ६७ टक्के रोगी वर्षअखेर हयात होते. जुन्या सोराफेनिबवर ५५. मग हा लाभ सर्वांना सारखा का नाही? यकृत किती शाबूत आहे, हे कारण मोठे खरेच. पण कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी सीटी चित्रावर स्नायू मोजले, तेव्हा ज्यांचे स्नायू क्षीण त्यांचे आयुष्य बहुधा कमी भरले, असे अनेक अभ्यासांत आढळले. दुबळ्या यकृताच्या हातून निसटलेला अमोनिया स्नायूच निपटतात, हेही ध्यानात घ्यावे. क्षीणतेने औषध फिके पडते की बळावलेला रोगच क्षीणता आणतो, हा वाद मिटलेला नाही. तरीही रोग्याचे डाळ-दूध तोडून त्याला नुसत्या पेजेवर ठेवणे आम्हांस घातक वाटते. युरोपीय यकृततज्ज्ञांनी २०१९ साली जुनाट यकृतविकारात दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि निजण्यापूर्वी थोडे खाणे सांगितले. वजन धरायचे, ते अर्थात पोटातले पाणी वगळून.